पुढचा खंड: मराठीतील खंडशः ग्रंथ आणि अपुऱ्या संचांच्या नोंदी

मराठीतील बरेचसे मोठे ग्रंथ वाचकाच्या हाती एकदम आलेले नाहीत. ते मासिकाच्या अंकांतून, सुट्या फॉर्मांतून, विभागांतून आणि खंडांतून आले, आणि दोन भागांमध्ये कधी महिना गेला, कधी दहा वर्षे. त्यामुळे वाचकावर आणि वाचनालयावर वाचनाखेरीज आणखी एक काम पडले. कोणता भाग निघाला, कोणता आपल्याकडे आहे, कोणता राहिला आणि कोणता कधी निघालाच नाही, याचा माग ठेवण्याचे हे काम. ते कोणाच्या चरित्रात फारसे लिहिले जात नाही. तरीही आज मराठीतले जे मोठे संच पूर्ण स्वरूपात पाहायला मिळतात, ते या नोंदींमुळेच एकत्र राहिले आहेत.

छापखान्याच्या आधीही हा प्रश्न होता. महाभारतासारखा ग्रंथ पोथीच्या रूपाने क्वचितच अखंड मिळे. नकलून घेणारा आपल्याला हवे ते पर्व नकलून घेई आणि कथेकरी आपल्या उपयोगाचे प्रसंग बाडात उतरवून ठेवी. सतराव्या शतकातला कवी मुक्तेश्वर हा एकनाथांचा दौहित्र. त्याच्या महाभारताची आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक ही पाचच पर्वे उपलब्ध आहेत. त्याने सगळी पर्वे रचली होती की नाही, यावर अभ्यासकांनी बराच खल केला. मठांतल्या आणि घराण्यांतल्या दप्तरांत काय काय आहे याच्या याद्या वेळीच झाल्या असत्या, तर असा खल करावा लागला नसता. पोथी हरवल्याचे दुःख मोठे आहेच. पण ती कधी होती का, हेच न कळणे अधिक वाईट.

छपाई आल्यावर जुनी कविता पहिल्यांदा पुष्कळांपर्यंत पोचली ती मासिकांच्या वाटेने. माधव चंद्रोबा डुकले यांनी १८६० मध्ये मुंबईत ‘सर्वसंग्रह’ सुरू केला आणि जुन्या कवींचे ग्रंथ थोडेथोडे करून छापले. १८७८ मध्ये काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला. ते मासिक सुमारे दहा वर्षे चालले, आणि मराठ्यांच्या अनेक बखरी वाचकांनी प्रथम त्यातच वाचल्या. अशा मासिकांची रचना वाचकाकडून कामाची अपेक्षा करणारी होती. एका अंकात दोन-तीन ग्रंथांचे फॉर्म असत आणि प्रत्येक ग्रंथाचे पृष्ठांक स्वतंत्र चालत. वर्ष संपले की अंक उसवायचे, एकेका ग्रंथाची पाने वेगळी काढायची, क्रमाने लावायची आणि बांधणाऱ्याकडून पुठ्ठा घालून घ्यायचा. मधला एक अंक टपालात गहाळ झाला, तर बखरीची सोळा पाने कायमची गेली. जुन्या घरगुती संग्रहांत अशा बांधलेल्या प्रती आजही सापडतात, आणि मध्येच एकदम पुढे उडी मारणारे पृष्ठांक त्या गेलेल्या अंकाची खूण सांगतात.

ही पद्धत कोणाला हौस होती म्हणून आली नाही. तिच्यामागे पैशाचे कारण होते. मराठी ग्रंथाचा खरीददार थोडा आणि पांगलेला होता. सगळा ग्रंथ छापून गोदामात ठेवण्याइतके भांडवल लेखकाकडे नव्हते, छापखानेवाल्याकडेही क्वचितच असे. म्हणून आगाऊ वर्गणी घ्यायची, आलेल्या रकमेत पुढचे फॉर्म छापायचे आणि ते विकून त्यापुढचे. १८७७ मध्ये टपालखात्याने व्ही. पी. सुरू केली. प्रकाशकाला पुस्तक पाठवून टपालातूनच पैसे वसूल करता येऊ लागले आणि कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या वर्गणीदाराला पुण्या-मुंबईच्या ग्रंथाचा पुढचा भाग घरी मिळू लागला. मात्र परत आलेली व्ही. पी. हा प्रकाशकाला दुहेरी तोटा असे, टपालखर्चाचा आणि मोडलेल्या संचाचा. ग्रंथाच्या आरंभी आश्रयदात्यांची यादी छापण्याची चाल त्या काळी होती, आणि प्रकाशकाच्या वहीत त्या प्रत्येक नावापुढे पाठवलेल्या भागांची नोंद ठेवावी लागे. मराठीतल्या अपुऱ्या संचांच्या पहिल्या याद्या म्हणजे वर्गणीदारांच्या याच वह्या.

सुरू झालेले सगळे पूर्ण झाले असे मुळीच नाही. शंकर पांडुरंग पंडितांनी १८७६ मध्ये ‘वेदार्थयत्न’ सुरू केला. मराठी आणि इंग्रजी अर्थांसह ऋग्वेद मासिक भागांतून द्यायचा, असा तो संकल्प होता. काही वर्षांनी तो थांबला आणि ऋग्वेदाचा बराच मोठा भाग बाहेरच राहिला. कादंबरीतही असेच घडले. हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः आली आणि पूर्ण झाली. पण त्यांच्या पुढच्या कादंबऱ्यांपैकी ‘आजच’, ‘मायेचा बाजार’ आणि ‘कर्मयोग’ अपुऱ्या राहिल्या. साप्ताहिकासाठी आठवड्याला प्रकरण लिहिणाऱ्या लेखकाची कादंबरी थांबते तेव्हा वाचकाला तसे कोणी कळवत नाही, पुढचे प्रकरण फक्त येत नाही. म्हणून अशा कादंबऱ्यांच्या बाबतीत ‘अपूर्ण’ हा शेरा फार मोलाचा ठरतो. तो नसेल तर पुढचा वाचक नसलेला भाग शोधत बसतो.

इतिहाससंशोधनाने खंडांचा पसारा खऱ्या अर्थाने वाढवला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढच्या सुमारे दोन दशकांत खंडांची संख्या २२ झाली. मराठी वाचनालयांना यापेक्षा अवघड संच दुसरा कोणता आला असेल असे वाटत नाही. खंडांचे आकडे इतिहासाच्या क्रमाने चालत नाहीत. पहिल्याच खंडात पानिपतच्या आसपासची, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्याची पत्रे आहेत, आणि शिवकाळासाठी पुढच्या आकड्यांचे खंड काढावे लागतात. सगळे खंड एकाच प्रकाशकाने काढले असेही नाही. राजवाडे गावोगाव फिरत, सापडलेल्या दप्तराला जिथे छापखाना आणि पैसा मिळे तिथे ते छापून घेत. काही खंड कोल्हापूरच्या विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’सारख्या नियतकालिकांतून बाहेर पडले. ज्या वाचनालयाने ते नियतकालिक ‘मासिके’ या सदरात ठेवले, त्याच्या ग्रंथांच्या कपाटात तो खंड दिसणारच नाही, आणि संच अपुरा आहे असे समजून ग्रंथपाल तो पुन्हा मागवत राहील. मराठी अभ्यासकांच्या वह्यांत राजवाड्यांच्या खंडांची स्वतःपुरती कोष्टके असत ती यामुळेच. खंडाचा आकडा, काळ, मुद्रणस्थळ आणि प्रत कोणाकडे पाहायला मिळते, एवढे त्यात टिपलेले असे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने पुढे मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचे समग्र साहित्य खंडरूपाने काढले, तेव्हा विखुरलेले साहित्य एका रांगेत आले. पण जुन्या संशोधनातले संदर्भ मूळ आकड्यांनीच दिलेले असल्याने ती कोष्टके निरुपयोगी झाली नाहीत.

त्याच १८९८ साली गोविंद सखाराम सरदेसाई यांची ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली. सरदेसाई बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते आणि राजपुत्रांना इतिहास शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून हे काम वाढत गेले. १९०२ पासून ‘मराठी रियासत’ येऊ लागली आणि १९३२ पर्यंत येत राहिली. शिवाय ‘ब्रिटिश रियासत’ वेगळी. तीस वर्षे चाललेल्या या मालेतल्या पुस्तकांची नावे ‘मध्यविभाग’, ‘उत्तरविभाग’ अशी होती आणि प्रत्येक विभागाचे पुन्हा क्रमांक होते. दरम्यान नवी कागदपत्रे सापडत गेल्याने आधीचे विभाग सुधारून निघाले. म्हणजे एखाद्याकडे सगळे विभाग असले, तरी त्यांतले काही जुन्या आवृत्तीचे आणि काही नव्या. तो संच पूर्ण म्हणायचा का? अभ्यासकाच्या दृष्टीने याचे उत्तर ‘नाही’ असेच होते, म्हणून नोंदीत खंडाच्या जोडीला आवृत्ती लिहिणे भाग पडले. पुढे स. मा. गर्गे यांच्या संपादनाने पॉप्युलर प्रकाशनाने मराठी रियासतीचे आठ खंड सलग क्रमांकांनी काढले. नव्या वाचकाची त्यामुळे मोठी सोय झाली. जुन्या तळटिपांतला ‘मध्यविभाग’ नव्या कोणत्या खंडात पडतो, हे जुळवून देण्याचे काम मात्र ग्रंथपालाकडे आले.

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ हे वर्गणीच्या पद्धतीवर उभे राहिलेले सर्वांत मोठे धाडस. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या केतकरांनी नागपुरात लिमिटेड कंपनी काढून हे काम आरंभले, पुढे ते पुण्याला आणले आणि १९२० च्या दशकात २३ खंड पुरे केले. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत. अकारविल्हे लेख त्यानंतर सुरू होतात. ‘अ’ पाहायला वाचक पहिला खंड उघडतो आणि तिथे त्याला ‘हिंदुस्थान आणि जग’ भेटते. वर्गणीदारांच्या दृष्टीने हा धोक्याचा भाग होता, कारण कोश म्हणून पैसे भरलेल्या माणसाला कोशाचा पहिला शब्द दिसण्याआधी पाच जाडजूड खंड घ्यायचे होते. तरी ते घेतले गेले. वर्गणीदार मिळवायला प्रतिनिधी गावोगाव फिरले, केतकर स्वतः फिरले, आणि या सगळ्या उठाठेवीचा हिशेब त्यांनी १९२७ मध्ये ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने मांडला. कोशाचा अपुरा संच आणि कादंबरीमालेचा अपुरा संच यांत मोठा फरक आहे. कादंबरीचे पहिले चार भाग वाचून निदान चार भागांचा आनंद तरी मिळतो. कोशाचा एक खंड नसला तर वर्णमालेचा तेवढा तुकडा जगातूनच नाहीसा झाल्यासारखा होतो. ज्ञानकोशाच्या वर्गणीदारांनी म्हणूनच खंड पोचल्याच्या तारखा जपून लिहिल्या आणि न आलेल्या खंडासाठी पत्रे पाठवली.

केतकरांच्या कचेरीत तयार झालेल्या माणसांनी पुढे हेच काम अधिक शिस्तीने केले. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या सहा वर्षांत निघाले. पुरवणी विभागाला मात्र १९५० उजाडावे लागले. सात विभागांवर समाधान मानून नोंद बंद केलेल्या वाचनालयांत हा आठवा भाग पुष्कळदा नसतो, आणि तो नसल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

याच सुमारास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले होते. १९१९ मध्ये ते सुरू झाले, १९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला सुटा भाग आला. प्रमुख संपादक वि. सी. सुकथनकर १९४३ मध्ये निवर्तले. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी त्यांचे काम पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते तडीस गेले. ज्या संस्थांनी पहिला भाग घेतला, त्यांना शेवटचा मिळेपर्यंत कारकुनांच्या दोन पिढ्या बदलल्या होत्या.

इतक्या लांबणाऱ्या संचांची नोंद माणसाच्या आठवणीवर सोडता येत नाही. याची व्यवस्था दोन ठिकाणी झाली, सरकारी दप्तरात आणि वाचनालयात. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापखान्यावर नव्या पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करण्याचे बंधन घातले आणि त्यांवरून दर तिमाहीला याद्या निघू लागल्या. नाव, लेखक, विषय, मुद्रणस्थळ, पृष्ठसंख्या, आवृत्ती, छापलेल्या प्रती आणि किंमत एवढा तपशील त्यांत असे. सरकारचा हेतू छापखान्यांवर नजर ठेवण्याचा होता. पण एखाद्या ग्रंथाचा तिसरा भाग खरोखर निघाला का, याचा तटस्थ पुरावा आज त्याच याद्यांत मिळतो.

वाचनालयांची परंपरा त्याहून जुनी. रत्नागिरीचे १८२८ मधले, नाशिकचे १८४० मधले, पुण्याचे १८४८ मधले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधले आणि मुंबईचे १८९८ मधले. ठाणे आणि मुंबई येथील संस्थांनी मराठी ग्रंथांचा संग्रह हेच मुख्य काम मानले. खंडांच्या ग्रंथासाठी वाचनालयात दोन वेगळ्या नोंदी लागतात. दाखल रजिस्टरात प्रत्येक खंडाला स्वतंत्र क्रमांक मिळतो, कारण प्रत्येक खंड ही वेगळी वस्तू आहे, तिची किंमत वेगळी आणि ती वेगळी हरवू शकते. कार्डांच्या तालिकेत मात्र सगळ्या संचाचे एकच कार्ड असे. संच चालू असेल तर त्यावर ‘खंड १’ लिहून पुढे आडवी रेघ ओढत आणि तिच्यापुढची जागा मोकळी ठेवत. शेवटचा खंड आला की त्याचा आकडा आणि साल भरून कार्ड बंद करत. जे कधीच बंद झाले नाही, ते कार्ड पाहिले की ग्रंथपालाला एक प्रश्न सोडवावा लागे. पुढचा खंड निघालाच नाही, की निघाला आणि आपण घेतला नाही? या प्रश्नाचे उत्तर एका वाचनालयाच्या कपाटात मिळत नाही.

ते उत्तर मराठीला शंकर गणेश दाते यांच्यामुळे मिळाले. त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी ग्रंथांची आहे. दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० चे ग्रंथ आहेत आणि तो १९६१ मध्ये आला. विषयवार वर्गीकरण, भागांची संख्या, आवृत्ती आणि प्रकाशक या तपशिलामुळे एखाद्या मालेचे किती भाग निघाले हे घरबसल्या ताडून पाहता येऊ लागले. विद्यापीठाचे किंवा सरकारी खात्याचे मनुष्यबळ हाताशी नसताना एका माणसाने हे केले. मराठी ग्रंथव्यवहारात यापेक्षा उपकारक काम थोडेच झाले असेल, आणि दात्यांचे नाव लेखकांच्या नावांइतके घेतले जात नाही हा अन्याय आहे. १९५० नंतरच्या ग्रंथांची सूची शरद साठे यांनी पुढे चालवली.

अभ्यासकांच्या संचांबरोबर रंजक मालाही वाढत होत्या. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, तरुणपणी सिंहगडावर शिकारीच्या वेळी कड्यावरून पडून पायांनी अधू झाले आणि नंतरचे आयुष्य लेखनात घालवले. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’ अशी त्यांची शिवकाळावरची माला वाचकांनी क्रमाने वाचली. विठ्ठल वामन हडपांनी ‘कादंबरीमय पेशवाई’ची लांबलचक माला लिहिली. या कादंबऱ्यांचा क्रम नावांवरून पुरता कळत नाही. ‘श्रीगणेशा’ आधी की ‘स्थापना’, हे नवख्याला ग्रंथपालच सांगे, नाहीतर पुस्तकाच्या पाठीमागे छापलेली मालेची यादी. वाचलेल्या नावांवर पेन्सिलीने खूण केलेल्या अशा याद्या जुन्या वाचनालयीन प्रतींवर दिसतात. वाचनालयाच्या प्रतीवर खूण करणे गैरच, पण मराठी वाचकाच्या वाचनक्रमाचे त्याहून प्रामाणिक साधन दुसरे नाही.

बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी हा प्रकार निराळ्या टोकाला नेला. त्यांच्या कथांची संख्या हजारावर गेली. झुंजार आणि काळापहाड हे नायक पुन्हा पुन्हा येत राहिले. गुरुनाथ नाईकांनीही हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. इथे प्रत्येक कथा स्वतंत्र असल्याने क्रमाची अडचण नव्हती, अडचण होती संख्येची. रोजच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या छोट्या लायब्ऱ्यांतून ती वाचली जात आणि आपण कोणती वाचली हे नावावरून आठवणे कठीण होई. एकच पुस्तक दुसऱ्यांदा भाड्याने घेणे म्हणजे पैसे वाया जाणे, म्हणून नियमित वाचक नावांची वही ठेवत. या पुस्तकांना मोठ्या ग्रंथालयांनी बराच काळ जवळ केले नाही. त्यामुळे अर्नाळकरांच्या साऱ्या पुस्तकांची निश्चित यादी करणे आज ज्ञानकोशाचा संच जुळवण्यापेक्षा अवघड आहे. भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’चे नशीब चांगले निघाले. वीस पुस्तकांची ही माला नव्या आवृत्त्यांनी संच म्हणून मिळत राहिली.

संस्थांनी हाती घेतलेल्या योजनांत आणखी एक गुंता निर्माण झाला. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’ या योजनेत चौथा खंड आधी, १९६५ मध्ये, प्रसिद्ध झाला. आरंभकाळाचा पहिला खंड आला तो १९८४ मध्ये. वेगवेगळ्या संपादकांकडे वेगवेगळे कालखंड सोपवल्यावर ज्याचे काम आधी झाले ते आधी छापणे स्वाभाविकच होते. पण कार्डावर ‘खंड १’ लिहून रेघ ओढण्याची रीत इथे चालेना. जवळजवळ वीस वर्षे पहिल्या आकड्याची जागा रिकामी ठेवावी लागली. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सिद्ध झालेल्या ‘मराठी विश्वकोशा’तही परिभाषासंग्रह १९७३ मध्ये निघाला आणि पहिला खंड १९७६ मध्ये. तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेले तेव्हा काम चालूच होते. विसाव्या खंडाने ते २०१५ मध्ये पूर्ण झाले. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अनुदान मिळवणाऱ्या गावोगावच्या वाचनालयांनी विश्वकोशाचे आरंभीचे खंड घेतले. पण चाळीस वर्षे सलग खरेदी ठेवणे थोड्यांनाच जमले. विश्वकोशाचा मजकूर आता इंटरनेटवर खुला असल्याने वाचकाची अडचण दूर झाली आहे. वाचनालयांतले छापील संच मात्र पुष्कळ ठिकाणी अपुरे आहेत.

ललित लेखनात आज वाचकांच्या यादीवरची सर्वांत ठळक मोकळी जागा भालचंद्र नेमाडे यांची आहे. चांगदेव पाटीलवरच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या चार कादंबऱ्या १९७५ ते १९७९ या काळात पूर्ण झाल्या. २०१० मध्ये आलेली ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’ हीसुद्धा एका चतुष्टयाचा पहिला भाग म्हणून जाहीर झाली होती. वाचलेल्या आणि राहिलेल्या भागांची नोंद वाचक आता मोबाइलमध्ये किंवा गुडरीड्ससारख्या ठिकाणी ठेवतात. वाचनालयांची तालिका संगणकावर गेली आहे, पण चालू संचाची नोंद शेवट मोकळा ठेवूनच करतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सुरू झालेल्या ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोशाची नोंद अजूनही तशीच मोकळी आहे. त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये आला. त्यानंतर तीसहून अधिक भाग निघाले आहेत, आणि त्यांतले शब्द अद्याप ‘अ’ने सुरू होणारे आहेत.